केराबाईचं पार्किंग

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासानं उजव्या हाताला, माळावर, एक मोठा फिरता पाळणा दिसतो. तेच रंगमाळ. पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचा बंगला, सिमेंटचा डोंगर आणि त्या डोंगरावरून मोटार लावून पाडलेला धबधबा असं सगळं तिथं आहे, आणि पार्कला चिकटून सत्तर खोल्यांचं हॉटेलही आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं नुसती जत्रा लोटते. लोक मौज करायला येतात आणि मौजेची सुरुवात हॉटेलच्या गेटावर खोटं बोलून करतात. निदान केराबाईचं तरी असं मत होतं, आणि त्या गेटावर रोज तीच उभी राहत असल्यामुळं तिच्या मताला किंमत होती.

खोटं बोलण्याचं कारण अगदी साधं होतं. हॉटेलपुढच्या आवारात लिंबाची जुनी, डेरेदार झाडं होती आणि त्यांच्याखाली साठेक गाड्यांची जागा. ही जागा हॉटेलात मुक्कामाला येणाऱ्यांची. जे नुसते जेवायला येतील त्यांना भिंतीकडच्या रांगेत तीन तास गाडी लावायची मुभा होती. बाकीच्यांनी, म्हणजे दिवसभर पार्कात डुंबायला येणाऱ्यांनी, कॅनॉलपलीकडच्या मोठ्या मैदानात गाडी लावायची आणि तिथून दहा मिनिटं चालत यायचं. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दहा मिनिटं चालणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे तो ते टाळायला काहीही बोलेल. त्यामुळं सकाळी दहापासून जो तो काच खाली करून एकच सांगायचा, "जेवायला आलोय."

सकाळी दहाला! मागच्या सीटवर फुगवलेली रबरी बदकं, पोरांच्या अंगावर पोहायचे कपडे, गळ्यात टॉवेल, आणि म्हणे जेवायला आलोय. केराबाईला हसूही यायचं आणि रागही यायचा. हे जेवणारे एकदा आत घुसले की भिंतीकडची रांग भरून सावलीपर्यंत पसरायचे आणि संध्याकाळशिवाय हलायचे नाहीत. मग दुपारी बॅगा घेऊन आलेला मुक्कामाचा पाहुणा गेटातच अडकायचा, आणि त्याचा सगळा राग केराबाईवर निघायचा.

केराबाई पन्नाशी ओलांडलेली. उंच, उन्हानं रापलेली. हिरवं लुगडं, त्यावर हॉटेलनं दिलेला खाकी शर्ट आणि शर्टाच्या खिशात शिट्टी. ही शिट्टी तिनं कधी तोंडाला लावली नाही. जिभेनं "हुर्रर्र" असा आवाज काढून ती गाडी मागं घ्यायला लावायची, आणि गंमत म्हणजे भले भले ड्रायव्हर तो आवाज ऐकून निमूट मागं सरायचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला, दुसरी भाषा येणार कुठून? रंगमाळ व्हायच्या आधी हा नुसता माळच होता आणि तिच्या सासरची मेंढरं इथंच चरायची. जमीन त्यांची नव्हती, चरायची वहिवाट तेवढी होती. माळ विकला गेला, कुंपण पडलं. पुढं नवरा बिरप्पा गेला, आणि मुलगा अजिनाथ यानं उरलेली मेंढरं विकून कारखान्यात नोकरी धरली. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं कामाला घ्यायची असं रंगमाळच्या मालकांनी ठरवलं, तेव्हा केराबाईचंही नाव यादीत लागलं.

पण लागलं ते लाँड्रीत. हॉटेलच्या तळघरात मोठाली यंत्रं घरघरत चादरी धुवायची, भिंतींना घाम फुटलेला असायचा आणि दिवस आहे की रात्र हे कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी केराबाई चादरींच्या ढिगावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासलं, दोष काही सापडला नाही. जी बाई थंडी-वारा, चांदणं सगळं अंगावर घेत गावोगावच्या रानात राहिली, जिनं पोराला जन्मसुद्धा उघड्यावर दिला, तिच्या आजाराला औषध काय देणार? "भिंती बगितल्या की माजा जीव गुदमारतो," एवढंच ती म्हणाली.

हे म्हणाली ते गौसभाईंपुढं. गौसभाई म्हणजे पार्किंगचे मुख्य. तीस वर्षं ट्रक चालवून दोन्ही गुडघे गमावलेला आणि तरीही जिभेवर खडीसाखर राखलेला माणूस. त्यांनी वर शब्द टाकला आणि केराबाईला गेटावर मागून घेतलं. त्या दिवसाला आता दीड वर्ष झालं होतं. डोक्यावर आभाळ आलं आणि केराबाई पुन्हा जेवायला लागली, हसायला लागली, भांडायलाही लागली.

काम चालायचं ते कार्डांवर. मुक्कामाच्या गाडीच्या आरशाला पिवळं कार्ड लटकवायचं, जेवणाऱ्याच्या हिरवं. केराबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रंग कळायला शाळा लागत नाही. अडचण झाली ती यंदाच्या मे महिन्यात. लोकांनी कार्डं आठवण म्हणून घरी नेली. कुणी पोरांना खेळायला दिली, कुणी तशीच आरशाला ठेवून सोलापूरभर मिरवली. महिन्याच्या पहिल्या रविवारी गौसभाईंनी कपाट उघडलं तर आत सहा हिरवी कार्डं आणि एक झुरळ. नवीन कार्डं छापून यायला पंधरा दिवस लागणार होते.

गौसभाईंना कॅनॉलपलीकडच्या मैदानावर जाणं भाग होतं, तिकडं हजार गाड्या यायच्या. आवारात केराबाई एकटी. गाड्या येत गेल्या आणि तासाभरातच तिला कळेना की कोण मुक्कामाचं आणि कोण जेवायचं. मेंढरांत तिचं असं कधी झालं नव्हतं. प्रत्येक मेंढराचं तोंड वेगळं, कान वेगळे, चाल वेगळी. दोनशेतलं एक चुकलं तरी चालता चालता तिच्या ध्यानात यायचं. पण ह्या मोटारींना तोंडच नव्हतं! दहातल्या सात पांढऱ्या, आणि सगळ्या एकाच आईच्या पोटच्या असाव्यात अशा.

मग केराबाईनं तेच केलं जे तिच्या सासऱ्यानं केलं असतं. दोन कळप पाण्यावर एकत्र येणार असले की धनगर आपापल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतात, म्हणजे मागाहून वाद नको. माळ्याच्या खोलीत कुंड्या रंगवायचा गेरू होता. तिनं वाटीभर कालवला आणि गाडी लागली की मागच्या बाजूला अंगठ्यानं ठसा उमटवत गेली. मुक्कामाच्या गाडीला एक, जेवणाऱ्याच्या गाडीला दोन. त्या दिवशी आवारात तसूभरही घोळ झाला नाही. दुपारी तीनला केराबाई स्वतःवरच खूश होऊन लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसली.

तेवढ्यात बोंब उठली. बार्शीच्या धान्यबाजारातले बिभीषणशेठ आपल्या नव्याकोऱ्या गाडीमागं उभे होते. गाडीला चारच दिवस झाले होते. पुढं लिंबू-मिरची, आत देवाचा फोटो, काचेवर हळदीची बोटं, दृष्ट लागू नये म्हणून जे जे करता येईल ते सगळं त्यांनी केलं होतं. आणि मागं, पांढऱ्याशुभ्र पत्र्यावर, लाल अंगठा.

"करणी केली! माझ्या गाडीवर कुणीतरी करणी केली!" बिभीषणशेठ ओरडले.

केराबाई लगबगीनं पुढं आली. तिचा अंगठा अजून लालच होता. "करणी न्हाय शेट, खूण हाय. मेंढराला करत्यात तसली."

"म्हंजे मी मेंढरू का?"

"तुमी न्हाय हो. तुमची गाडी."

ह्यानं आगीत तेल पडलं. गौसभाई लंगडत आले, ओला टॉवेल फिरवला, गेरू मिनिटात गेला. बिभीषणशेठ मात्र काही केल्या निवळेनात. बारा नातेवाइकांसह मुक्कामाला आलेला माणूस, तो त्याच संध्याकाळी खोल्या रिकाम्या करून बार्शीला परत गेला आणि जाताना रंगमाळच्या पुण्यातल्या मुख्य कार्यालयाला दोन पानी तक्रार धाडून गेला.

मंगळवारी मॅनेजर प्रियदर्शनी मॅडमनी केराबाईला बोलावलं. मॅडम तिशीच्या, सोलापूरच्याच, बोलायला मऊ पण कामाला काटेकोर. त्यांच्या टेबलावर पुण्याहून आलेलं पत्र होतं.

"मावशी, पाहुण्यांच्या गाड्यांना हात लावायचा नाही, एवढं तरी कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता त्यांनी स्पष्ट लिहिलंय. येत्या रविवारी पार्किंगची एक जरी तक्रार आली, तर सोमवारपासून तुम्ही परत लाँड्रीत. माझ्या हातात काही ठेवलेलं नाही."

"म्याडम, तितं न्हाय ऱ्हाऊ शकत मी."

"मला माहीत आहे. म्हणून तर सांगतेय, रविवार नीट निभवा."

केराबाई घरी गेली ती जड पायांनी. नोकरी सोडता आली असती, अजिनाथ काही आईला उपाशी ठेवणारा नव्हता. पण मग दिवसभर करायचं काय? ज्या माळावर तिचं उभं आयुष्य गेलं त्या माळावर उभं राहायचा हक्क तिच्याकडं आता त्या खाकी शर्टामुळंच होता. शर्ट गेला की ती कुंपणाबाहेर. आणि शर्ट ठेवायचा तर तळघर. तिला रडू आलं आणि तिनं ते अडवलंही नाही.

गुरुवारी तिची सुट्टी होती. दारात तिची एकुलती एक शेळी बांधलेली असायची. सकाळी तोडून टाकलेला लिंबाचा डहाळा दुपारी शेळीनं हुंगला आणि नाक मुरडून तोंड फिरवलं. केराबाई म्हणाली, "सुकला व्हय गं? आत्ताच तर..." आणि ती बोलता बोलता थांबली.

डहाळा तोडून किती वेळ झाला हे तिला पाहताक्षणी कळायचं, जन्मभर कळत आलं होतं. वैशाखाच्या उन्हात तासाभरात शेंडे माना टाकतात. दुसऱ्या तासाला पानाची तकाकी जाते. तिसरा तास भरला की कडा आत वळतात आणि पान चुरगाळलं की बारीक वाजतं. मग त्याला शेळी तोंड लावत नाही. आणि जेवणाऱ्याची मुभाही तीनच तासांची होती.

रविवारी सकाळी तिनं बेत सांगितला तेव्हा गौसभाई डोकं खाजवत राहिले.

"जेवणाऱ्याच्या गाडीला वायपरखाली लिंबाचा डहाळा. त्येंची रांग उनात हाय, बराबर सुकतंय. आन् मुक्कामाच्या गाडीला झेंडूचं फूल. आपल्या हाटेलातल्या लग्नाच्या हॉलमदी माळा पडल्यात की ढीगभर."

"और कोई चिडला तो? बिभीषणशेठसारका?"

"लिंबाला कोण चिडंल? पाडव्याला गुढीला लावत्यात, दारात लावत्यात. इडापिडा जाती म्हनत्यात."

"और आभाळ आलं तो, केराक्का? पान सुकनार नाही."

"मग बसू दे की त्येवडं जास्ती. आभाळ आल्यावर कोन कुटं पळतंय?"

गौसभाई हसले. त्यांनी कुंपणाकडच्या झाडाचे डहाळे स्वतः तोडून दिले आणि ते आपल्या मैदानावर गेले.

नऊ वाजल्यापासून गाड्यांची रीघ लागली. झेंडूचं फूल पाहून मुक्कामाचे पाहुणे खूश झाले, स्वागताची पद्धतच आहे असं समजून एका बाईनं तर फोटो काढला. जेवणाऱ्यांनी डहाळा बघून हात जोडले. खूण करायचा प्रश्न मिटला होता. पण खोटं बोलणाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न जिथल्या तिथंच होता, आणि साडेदहाला भिंतीकडची रांग अर्धी भरलीसुद्धा.

तेव्हा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली एक जुनी व्हॅन गेटाशी येऊन थांबली. चालवणाऱ्याचं नाव रहिमतुल्ला. शेजारी त्याची आई इमामबी, मागं बायको आणि तीन पोरं. पोरांच्या कमरेला फुगवलेल्या रबरी रिंगा आधीच अडकवलेल्या.

"जेवायला आलोय," रहिमतुल्ला समोर बघत म्हणाला.

केराबाईनं रिंगांकडं पाहिलं. मग इमामबीकडं पाहिलं. म्हातारीचे पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा रुतला होता, आणि ती शरमेनं मान खाली घालून बसली होती. पोरगा आपल्यासाठी खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. केराबाईचा राग कुठल्या कुठं गेला. माणूस लबाड नव्हता. त्याला आईला उन्हातून चालवायचं नव्हतं, एवढंच होतं ते.

मेंढरांचंही असंच असतं. चांगला गवताळ तुकडा समोर असला तरी गाभणी मेंढी सावली सोडून पुढं जात नाही, आणि ती अडली की कळप अडतो. तिला मागून काठी घालणारा धनगर अडाणी. शहाणा तिला आधी उचलून नेऊन ठेवतो, बाकीची आपोआप चालतात.

"खरं सांगा भाऊ, आईसाठी म्हनताय नव्हं?" तिनं विचारलं.

रहिमतुल्लानं क्षणभर ओठ चावले. "हां," तो म्हणाला. "अम्मीला चालवत न्हाई वो. मैदान लई लांब हाय."

"मग आईला हितं उतरवा. पोरास्नीबी. ही माजी खुर्ची हाय, सावलीत हाय, माठ भरल्याला हाय. गाडी तिकडं लावून तुमी एकलं चालत या. तवर आई माज्यापाशी."

दहा मिनिटं एकट्यानं चालायला रहिमतुल्लाची काही हरकत नव्हती. त्यानं आईला दोन्ही हातांनी धरून खुर्चीवर बसवलं आणि व्हॅन वळवून मैदानाकडं नेली. इमामबी माठातलं पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो गं. मला लई लाज वाटत हुती."

मागच्या गाडीनं हे सगळं पाहिलं होतं. तिच्यातही एक आजोबा होते. केराबाईनं काही विचारायच्या आत चालवणाराच म्हणाला, "आमच्या आजोबांनाही इथं उतरवता येईल का? गाडी मी तिकडं लावतो."

मग काय विचारता! अकरा वाजेपर्यंत लिंबाखाली सात म्हाताऱ्या, चार म्हातारे, दोन बाळंतिणी आणि एक पाय मोडलेला कॉलेजातला पोरगा गोळा झाला. केराबाईनं बागेतल्या खुर्च्या ओढून आणल्या, स्वयंपाकघरातून चार पाट मागवले, माठ तीनदा भरून घेतला. लोक म्हाताऱ्यांना उतरवत आणि गाड्या आपसूक मैदानाकडं वळवत. पार्कात जायची घाई असणाऱ्यांची माणसं लवकर येऊन त्यांना घेऊन जात, आणि ज्यांना पाण्यात रस नव्हता ते म्हातारे तिथंच गप्पा ठोकत बसत. जेवायला आलोय असं म्हणणारे उरले ते खरंच जेवायला आलेले. भिंतीकडची रांग अर्धी रिकामी राहिली आणि झाडांखालच्या जागा मुक्कामाच्या गाड्यांची वाट बघत राहिल्या.

बाराच्या सुमाराला मॅडम फेरी मारायला आल्या आणि त्यांना धक्काच बसला. हॉटेलच्या देखण्या प्रवेशद्वारासमोर चावडी भरली होती. एक आजी पाटावर पाय पसरून पान लावत होती, इमामबी कुणाच्या तरी नातवाला गोष्ट सांगत होती.

"मावशी, हे काय चालवलंय?"

"पार्किंग, म्याडम," केराबाई म्हणाली, आणि हुर्रर्र करत एका मोठ्या गाडीला मागं घ्यायला निघून गेली. मॅडम काही बोलणार होत्या, पण त्यांची नजर रिकाम्या जागांवर गेली. मे महिन्यातल्या रविवारी भर दुपारी आवारात रिकाम्या जागा त्यांनी आजवर पाहिल्या नव्हत्या. त्या तशाच आत गेल्या.

दुपार अशी छान चालली होती आणि सव्वादोनला घात झाला. भिंतीकडच्या रांगेत सोलापूरच्या सात रस्ता भागातल्या एका वकीलसाहेबांची राखाडी गाडी होती. जेवण उरकून साहेब लॉबीतल्या गार हवेत डुलकी घेत होते. केराबाईनं त्यांच्या वायपरखालचं पान चुरगाळलं. ते वाजलं. ती आत गेली आणि दारातूनच हात जोडून म्हणाली, "सायेब, तीन तास झाले. गाडी काढाय पायजे."

"कुणी सांगितलं तीन तास झाले? तुझ्याकडं घड्याळ आहे का?"

"पाला सुकला, सायेब."

लॉबीतली चार माणसं हसली. वकीलसाहेबांचं तोंड लाल झालं. गाडी त्यांनी काढली, पण त्याआधी काउंटरवरची वही मागवून घेतली आणि उभ्याउभ्या पानभर तक्रार लिहिली. लिहिताना पेन इतकं दाबत होते की केराबाईला ते गेटावरूनसुद्धा कळलं असतं.

एक जरी तक्रार, असं पत्रात होतं. ही एक झाली होती.

तरीही केराबाई जागची हलली नाही. चार वाजेपर्यंत तिनं येणारी प्रत्येक गाडी नीट लावली, प्रत्येक म्हातारीला तिच्या माणसाच्या हाती दिलं. रहिमतुल्ला ओल्या केसांनी आईला न्यायला आला तेव्हा त्यालाही हसून निरोप दिला. गौसभाई मैदानावरून परतले, त्यांना तिनं झालेलं सांगितलं, आणि मग खाकी शर्ट काढून, त्याची नीट घडी करून ती ऑफिसकडं चालायला लागली. गौसभाई गुडघे सावरत मागोमाग निघाले. "मी बोलतो, केराक्का," ते सारखं म्हणत होते, पण काय बोलणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मॅडमच्या पुढ्यात वही उघडीच होती. केराबाईनं शर्ट टेबलावर ठेवला.

"लाँड्रीत न्हाय येनार मी," ती म्हणाली. "तुमी वाईट न्हाय, म्याडम. पर तितं मी मरंन. त्यापरीस घरी बसते."

"बसा जरा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. गेटाचा कॅमेरा होता त्यात. राखाडी गाडी आत शिरताना दिसत होती. "वकीलसाहेब आत आले अकरा वाजून नऊ मिनिटांनी. तुम्ही त्यांना उठवलंत दोन वाजून तेरा मिनिटांनी. तीन तास आणि चार मिनिटं." त्यांनी वही मिटली. "मावशी, माझ्या घड्याळाचा सेल बदलून घ्यायला हवा, पण तुमच्या पाल्याचं काही बदलायला नको."

गौसभाई मोठ्यांदा हसले. केराबाईला मात्र हसायचं की नाही हेच कळेना.

"पर तक्रार आली की," ती म्हणाली.

"आली. नियम पाळल्याबद्दल आली. तसंच कळवतेय मी पुण्याला. आणि हेही कळवतेय की आज मुक्कामाच्या बेचाळीस गाड्या आल्या आणि एकीलाही जागेसाठी थांबावं लागलं नाही. असं रंगमाळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा घडलंय. तुम्ही गेटावरच राहणार, मावशी. पुणं काय म्हणेल ते मी बघते."

केराबाईनं डोळे मिटले.

"आणि अजून एक," मॅडम उत्साहानं पुढं म्हणाल्या. त्यांनी एक कागद ओढला, त्यावर त्यांनी दुपारीच काहीतरी आखलेलं होतं. "दीड वर्ष तुम्ही उन्हात उभ्या आहात, आम्ही लक्षच दिलं नाही. गेटाशी तुमच्यासाठी पक्की केबिन बांधून घ्यायची. चारी बाजूंनी बंद, पंखा, कूलर, समोर काच. आत बसून आरामात काम करायचं."

केराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं, आनंदाचं. त्यांनी टेबलावरून तिच्या हातावर हात ठेवला. गौसभाईंना मात्र बरोबर कळलं, आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्याडम," केराबाई हळूच म्हणाली, "तुमी लई मायेनं देताय. न्हाय म्हनायला जीव हुत न्हाय. पर तळघर काय आन् केबिन काय, भिंती त्याच की वो."

मॅडमचा हात तिथंच राहिला. आपण बक्षीस म्हणून काय देत होतो हे त्यांना हळूहळू उमगत गेलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मग तुम्हाला काय हवं, मावशी? खरं सांगा."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ना माळ विकणाऱ्यानं, ना मेंढरं विकणाऱ्या लेकानं. केराबाईनं पदरानं नाक पुसलं आणि विचार करायला अजिबात वेळ घेतला नाही.

"म्हातारी मानसं पाटावर बसत्यात, त्येंची कंबर मोडती. झाडाखाली बाकडी टाका. आठ-दहा तरी पायजेत. आन् मला हाय तितंच ऱ्हाऊ द्या, आभाळाखाली."

मॅडमनी केबिनवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, बाकडी, दहा. मग शर्ट उचलला, झटकला आणि स्वतः उभं राहून केराबाईपुढं धरला. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. केराबाईनं दोन्ही हात शर्टात घातले आणि बटणं लावत लावतच ती उन्हात गेली.